कोठडीतली कोठडी : सुनील बत्रा प्रकरण

१८९४ च्या तुरुंग कायद्यातलं ३०वं कलम फाशीच्या कैद्यांसाठी आहे. त्याचं दुसरं पोटकलम जेमतेम दोन ओळींचं. अशा प्रत्येक कैद्याला बाकी सगळ्या कैद्यांपासून वेगळ्या कोठडीत ठेवायचं आणि त्याच्यावर दिवसरात्र पहारा बसवायचा. बस्स, एवढंच. स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, तरी इंग्रजांच्या काळातल्या या दोन ओळी जशाच्या तशा राहिल्या आणि फाशी यार्डांचा कारभार त्यांच्या आधाराने चालत राहिला.

६ जुलै १९७६ रोजी दिल्लीच्या सत्र न्यायालयाने सुनील बत्राला लूट आणि खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा सुनावली. त्या दिवसापर्यंत तो तिहार तुरुंगात ‘ब’ वर्गाचा कैदी होता. बऱ्यापैकी सोयी होत्या, आणि मुख्य म्हणजे आजूबाजूला माणसं होती. शिक्षा लागली आणि त्याला तिथून उचलून एकट्या कोठडीत टाकलं गेलं. कुणाशी गप्पा नाहीत, कुणाच्या शेजारी बसून जेवण नाही. दिसणार तो पहारेकरी.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात धरायला हवी. त्या दिवशी बत्राची फाशी कायम झालेलीच नव्हती. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३६६वं कलम तसं स्पष्ट सांगत होतं, आणि तोपर्यंत माणसाला वॉरंटवर तुरुंगाच्या ताब्यात द्यायचं, एवढंच त्यात लिहिलं होतं. ताब्यात द्यायचं म्हणजे सांभाळायला द्यायचं. उच्च न्यायालयानंतर सर्वोच्च न्यायालय, मग राज्यपाल, राष्ट्रपती. या वाटेत वर्षंच्या वर्षं जातात आणि अनेकांची फाशी वाटेतच रद्द होते. पण तुरुंगाच्या लेखी पहिल्या न्यायाधीशाने ‘फाशी’ म्हटलं, की माणूस माणसांतून उठला.

नव्या वकिलांना हे प्रकरण समजावून सांगायला घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘पण त्याने खून केला होता ना?’ हा प्रश्न मी कधी उडवून लावत नाही. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराच्या बाजूने विचारलेला तो प्रश्न आहे. त्याचं उत्तर एवढंच, की खुनाची शिक्षा न्यायाधीशाने निकालपत्रात लिहिली होती. एकटं कोंडून ठेवण्याची शिक्षा त्या निकालपत्रात कुठेही नव्हती. ती तुरुंगाने आपल्या पदरची जोडली. मग ती जोडण्याचा अधिकार तुरुंगाला दिला कुणी? सगळं प्रकरण या एका प्रश्नाभोवती फिरतं.

दंडाबेडी

या एकांताविरुद्ध बत्राने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्याबरोबर आणखी एक याचिका ऐकली गेली. ती चार्ल्स शोभराजची. हा फ्रेंच नागरिक जुलै १९७६ मध्ये पकडला गेला, आधी ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली स्थानबद्ध झाला, आणि तिहारमध्ये आल्यापासून त्याच्या पायांत दंडाबेडी होती. चोवीस तास. त्याच्यावरचे खटले अजून चालायचे होते. म्हणजे तो कच्चा कैदी.

दंडाबेडी म्हणजे काय, हे नीट डोळ्यांपुढे आणलं पाहिजे, नाहीतर निकालातले शब्द कोरडे वाटतात. दोन्ही घोट्यांभोवती लोखंडी कडी. प्रत्येक कड्यातून एक लोखंडी दांडा वर येतो आणि दोन्ही दांडे वर एका कडीत अडकवलेले असतात. साखळी मऊ पडते, पायाबरोबर वळते. दांडा वळत नाही. चालताना तो हाताने उचलून धरावा लागतो, नाहीतर प्रत्येक पावलाला घोट्यावर आपटतो. खाली बसायचं तर आधी दांड्यांची सोय लावायची, मग गुडघे वाकवायचे. शौचाला बसतानाही तेच. रात्री कुशीवर वळायचं म्हटलं की लोखंड आधी वळवायचं, शरीर नंतर. कड्याखालची कातडी सोलवटते आणि त्याच जागी कडं परत घासत राहतं. हे एका दिवसाचं झालं. शोभराजच्या पायांत ती महिनोन्‌महिने होती, आणि ‘आता काढा’ असं सांगणारी कुठलीही मुदत त्याला घालून दिलेली नव्हती.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. हा माणूस धोकादायक आहे, अनेक देशांच्या पोलिसांना हवा आहे, याआधी कोठडीतून पळालेला आहे. ते खरंच होतं. तुरुंग कायद्याचं ५६वं कलम अधीक्षकाला सुरक्षिततेसाठी बेड्या घालण्याचा अधिकार देतं, तुरुंगाची अवस्था पाहून किंवा कैद्यांचा स्वभाव पाहून. शोभराजच्या बाजूने डॉ. ना. म. घटाटे उभे होते. अधिकार आहे हे मान्य केलं, तरी तो कुठवर, हा त्यांचा मुद्दा होता.

या माणसाची पुढची गोष्ट महाराष्ट्रात आणि गोव्यात अनेकांना पाठ आहे. मार्च १९८६ मध्ये शोभराज तिहारमधून पळाला आणि एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी त्याला गोव्यात पर्वरीच्या एका रेस्टॉरंटमध्ये पकडलं. झेंड्यांनी त्याला १९७१ मध्येही मुंबईत पकडलं होतं. ही हकिगत निघाली की कुणीतरी म्हणतंच, ‘बघा, बेड्या काढल्या म्हणून पळाला.’ मी तेव्हा पळण्याचा तपशील सांगतो. वाढदिवसाच्या नावाने त्याने पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध घातलेली मिठाई वाटली आणि पहारेकऱ्यांनी ती खाल्ली. दार उघडलं गेलं ते ढिल्या पहाऱ्यामुळे. तुरुंगाची सुरक्षा सावध शिपाई, नीट झडती आणि वेळेवर मोजणी यांवर उभी असते. यातलं एकेक ढिलं सोडायचं आणि त्याची भरपाई कैद्याच्या घोट्यावर करायची, ही जुनी खोड आहे.

न्यायमूर्ती तिहारमध्ये

जानेवारी १९७८ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. तेव्हाचे सरन्यायाधीश मिर्झा हमीदुल्ला बेग, न्या. व्ही. आर. कृष्णा अय्यर आणि न्या. पी. एस. कैलासम स्वतः तिहारमध्ये गेले. प्रतिज्ञापत्रांत एक बाजू म्हणत होती कोठडी ठीकठाक आहे, दुसरी म्हणत होती माणूस कुजतो आहे. न्यायमूर्तींनी जाऊन पाहिलं.

या भेटीकडे मी फार आदराने पाहतो, आणि त्याला एक कारण आहे. १९७६ मध्ये, आणीबाणीत, याच न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने म्हटलं होतं की स्थानबद्धाला न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. त्या निकालात बेग यांनी लिहिलं होतं, की सरकार स्थानबद्धांची जी काळजी घेतं ती जवळजवळ आईच्या मायेची आहे. त्या वेळी बंद दारांमागे काय चाललंय हे पाहायला कुणी गेलं नव्हतं. दोन वर्षांच्या आत तेच बेग तुरुंगाचं दार उघडायला लावून आत गेले. आणि पुढे ज्या पाच न्यायमूर्तींनी बत्राचा निकाल दिला, त्यांचे प्रमुख होते यशवंत विष्णू चंद्रचूड. तेही १९७६ च्या त्या बहुमतात होते. कुणाच्या मनात काय चाललं होतं ते आपल्याला सांगता येणार नाही. कागदावर मात्र दिसतं की त्या दोन वर्षांत न्यायालयाची मान वळली होती.

ती वळायला आणखी एक खटला कारण झाला. २५ जानेवारी १९७८ रोजी मनेका गांधी प्रकरणाचा निकाल लागला. राज्यघटनेचा २१वा अनुच्छेद म्हणतो की कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय कुणाचंही जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. तोवर अर्थ असा लावला जात होता, की विधिमंडळाने कायदा केला आणि त्यात पद्धत लिहिली की झालं. मनेका प्रकरणाने सांगितलं, नुसती पद्धत असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. हे एकदा मान्य झालं, की तुरुंगातल्या दोन ओळींच्या पोटकलमालाही विचारता येतं : तू वाजवी आहेस का?

अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून आठवी दुरुस्ती आहे आणि क्रूर, विपरीत शिक्षेला त्यात सरळ मनाई आहे. आपल्या घटनेत असं वाक्य नाही. बत्रा निकालात कृष्णा अय्यरांनी हे मोकळेपणाने मान्य केलं आणि पुढे म्हटलं, की मनेका प्रकरणानंतर परिणाम तोच आहे. जी गोष्ट अमेरिकेत एक वाक्य करतं, ती आपल्याकडे १४, १९ आणि २१ हे अनुच्छेद मिळून करतात. भारतीय तुरुंग-न्यायाचा पाया मला या एका परिच्छेदात दिसतो.

तसं पाहिलं तर या दिशेची पायवाट आधीपासून होती, आणि तिची सुरुवात मराठी पुस्तकाने व्हावी याचं मला फार अप्रूप वाटतं. १९६०च्या दशकात कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. आत बसून, सरकारच्या परवानगीने, त्यांनी मराठीत एक पुस्तक लिहिलं : ‘अणूच्या अंतरंगात’. मूलकणांविषयीचं, निव्वळ विज्ञानाचं. छापायला बाड बाहेर पाठवायची परवानगी मागितली तेव्हा सरकारने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने अनुक्रमणिका पाहिली आणि यात देशाच्या संरक्षणाला धोका पोचेल असं काहीही नाही, म्हणून परवानगी द्यायला सांगितलं. महाराष्ट्र सरकार दिल्लीला अपिलात गेलं आणि सप्टेंबर १९६५ मध्ये तिथेही हरलं. स्थानबद्धतेच्या अटींमध्ये जे निर्बंध लिहिले आहेत तेवढेच घालता येतील, न लिहिलेला निर्बंध अधिकाऱ्याला मनाने घालता येणार नाही, असं न्या. सुब्बा राव यांनी सांगितलं. बाहेर आणीबाणी लागू असतानाचा हा निकाल आहे. बत्राचा युक्तिवाद मुळात हाच होता. फक्त इथे बाडाऐवजी माणूस अडकला होता.

‘वेगळ्या कोठडीत’ याचा अर्थ

निकाल ३० ऑगस्ट १९७८ ला लागला. न्या. डी. ए. देसाई यांनी स्वतःसाठी आणि सरन्यायाधीश चंद्रचूड, न्या. फझल अली, न्या. शिंघल यांच्यासाठी लिहिलं. कृष्णा अय्यरांनी निष्कर्षाशी सहमत होऊन स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. अय्यरांच्या निकालपत्रात धग आहे आणि लोक सहसा तेच उद्धृत करतात. मला स्वतःला देसाईंचं निकालपत्र जास्त शिकवतं. त्यांनी आवाज चढवलेला नाही. कलमं एकमेकांशेजारी ठेवली आणि वाचली.

पहिलं, एकांतवास ही मुळात शिक्षा आहे. भारतीय दंड संहितेच्या ७३व्या आणि ७४व्या कलमांत ती लिहिलेली होती, आणि ती देण्याचा अधिकार न्यायालयाला होता. तोही केवढा बांधलेला, पाहा. सगळे मिळून तीन महिन्यांच्या वर नाही. एका वेळी चौदा दिवसांच्या वर नाही, आणि मध्ये तेवढीच उसंत द्यायची. कैद तीन महिन्यांहून मोठी असेल तर महिन्यात सात दिवसांच्या वर नाही. १८६० साली संहिता लिहिणाऱ्यांनाही कळत होतं, की माणसाला एकटं कोंडणं ही मोजून द्यायची गोष्ट आहे. न्यायाधीशाला जे चौदा दिवसांच्या वर करता येत नाही, ते तुरुंग अधीक्षक वर्षानुवर्षं कसं करू शकतो?

दुसरं, तुरुंगात राहून गुन्हा करणाऱ्यांसाठी तुरुंग कायद्याचं ४६वं कलम आहे. त्यातल्या सर्वात कडक बंदिवासातही कैदी बाकीच्यांच्या नजरेआड जात नाही, आणि त्याची कमाल मर्यादा चौदा दिवस. थोड्या सौम्य प्रकारात त्याला रोज किमान एक तास व्यायाम मिळतो आणि जेवायला एक-दोघांची सोबत मिळते. (याच कलमात तीस फटक्यांपर्यंत चाबकाची शिक्षाही होती, म्हणजे कायदा काही मऊ काळजाचा नव्हता.) आता तुलना करा. ज्याने तुरुंगात मारामारी केली त्याला सोबतीला, निदान नजरेसमोर तरी माणूस, आणि मुदतीला हद्द. आणि ज्याने तुरुंगात कुठलाही गुन्हा केलेला नाही, केवळ वरच्या न्यायालयाच्या निकालाची वाट पाहतोय, त्याला ना सोबत ना हद्द. एकाच कायद्यातली दोन कलमं अशी शेजारी ठेवल्यावर सरकारचा अर्थ टिकेना.

सरकारचं म्हणणं होतं, हा एकांतवास नव्हेच, कायद्याने सांगितलेला वेगळा बंदिवास आहे. फाशीचा कैदी जिवाचं बरंवाईट करून घेईल, दुसऱ्याला इजा करेल, म्हणून वेगळा ठेवायचा. न्यायालयाने नाव बाजूला ठेवलं आणि प्रत्यक्षात काय होतं ते पाहिलं. दार बंद, सोबत नाही, बोलणं नाही, जेवण एकट्याने. मग त्याला काहीही म्हणा. आणि आत्महत्येची भीती असेल तर एकटं कोंडणं हा त्यावरचा उपाय कसा? एकटेपणानेच तर मन खचतं. ‘वेगळी कोठडी’ याचा अर्थ न्यायालयाने लावला तो असा : रात्री कोठडी वेगळी असेल, पहारा असेल, पण माणूस दुसऱ्या कैद्यांच्या दृष्टिआड आणि आवाजाच्या पलीकडे जाता कामा नये. हिंडणं, मिसळणं, बोलणं, दुसऱ्याचं ऐकणं, सोबतीने जेवणं, एवढं स्वातंत्र्य तुरुंगातही उरतंच. ते काढून घ्यायचं तर कायद्याचा स्पष्ट आधार हवा, नाहीतर २१व्या अनुच्छेदाचा भंग.

तिसरं आणि सगळ्यात मोलाचं. ‘फाशीची शिक्षा झालेला’ म्हणजे कोण? देसाईंनी सांगितलं, ज्याची फाशी आता कुठल्याही वरच्या दाराने थांबू शकत नाही तो. उच्च न्यायालयाने कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं, दयेचा अर्जही नाकारला गेला, त्यानंतरच ३०वं कलम त्याला लागतं. तोपर्यंत तो केवळ तुरुंगाच्या ताब्यातला माणूस आहे.

गंमत नव्हे, पण नवलाची बाब अशी, की ३०(२) किंवा ५६ यांपैकी एकही कलम न्यायालयाने रद्द केलं नाही. कायदा जागच्या जागी ठेवला आणि त्याचा अर्थ घटनेत बसेल इतका आवळून घेतला. दंडाबेडीबाबतही तसंच. अगदी निरुपाय झाला तरच घालायची, कारण लिहून ठेवायचं, ते कैद्याला त्याच्या भाषेत कळवायचं, थोडा काळच ठेवायची, वरच्या अधिकाऱ्याने तपासायचं. माणसाला दिवसरात्र बेड्यांत ठेवणं म्हणजे त्याचं जनावर करणं, असं देसाईंनी लिहिलं. मला अनेक वर्षं वाटत आलंय, की इथे न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकायला हवं होतं. दंडाबेडी पूर्ण बंद करायला हवी होती. ‘अगदी निरुपाय’ हा शब्द तुरुंगाच्या हाती दिला की तो सकाळ-संध्याकाळ वापरात येतो.

कागदाचा कपटा

बत्राला एकांतातून बाहेर काढलं गेलं, आणि त्याने पुढे जे केलं ते कुठल्याही वकिलाने केलं नव्हतं. १९७९ मध्ये त्याने सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. स्वतःसाठी नाही. तिहारमधल्या दुसऱ्या एका कैद्यावर वॉर्डरने केलेल्या अत्याचाराबद्दल. त्या कैद्याच्या गुदद्वारात दांडा घुसवला होता, आणि हे त्याच्या भेटीला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी केलं, असं पत्रात होतं.

ना वकीलपत्र, ना कोर्ट फी, ना ठरलेला नमुना. न्यायालयाने ते पत्रच बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणायला लावणारी, याचिका म्हणून दाखल करून घेतलं. डॉ. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुद्गल यांना न्यायालयाचे मित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारे वकील, म्हणून नेमलं आणि त्यांना तुरुंगात जाऊन कैद्याला, साक्षीदारांना भेटण्याची, कागद पाहण्याची मोकळीक दिली. तुरुंगाच्या बाजूने खुलासे आले : पडला असेल, मूळव्याध असेल, स्वतःच करून घेतलं असेल. एका जखमेची तीन कारणं. हे तीन खुलासे एका ओळीत वाचताना आजही अंगावर काटा येतो, कारण कोठडीतल्या मृत्यूंच्या कागदांत त्यांची भावंडं नेहमी भेटतात.

२० डिसेंबर १९७९ च्या निकालाने अत्याचार झाल्याचं मानलं आणि तुरुंगाच्या भिंतीला खिडक्या पाडल्या. कैद्यांना त्यांचे हक्क सांगणारी पुस्तिका त्यांच्या भाषेत द्या. तक्रारपेट्या ठेवा. जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीशांनी वेळोवेळी तुरुंगात जावं, तक्रारी ऐकाव्यात. एकांतवास, सक्तमजुरी, शिक्षा म्हणून दुसरीकडे बदली, असलं काही करायचं तर सत्र न्यायाधीशाच्या नजरेखालून जाऊ द्या. म्हणजे शिक्षा वाढवायची असेल तर परत न्यायालयाकडे या.

पत्राची ही वाट लवकरच रुळली. १९८० मध्ये एका कैद्याच्या तारेवरून न्यायालयाने हातकड्यांचा सर्रास वापर घटनाबाह्य ठरवला. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बर्सेंनी न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि फेब्रुवारी १९८३ च्या निकालाने महाराष्ट्रात महिलांसाठी स्वतंत्र कोठड्या आणि तिथे महिला पोलीस, असे आदेश निघाले.

हिंडलगा

आता बेळगावला यायला हवं. हिंडलग्याचा तुरुंग आपल्या माणसांना अनोळखी नाही. सीमालढ्यातले सत्याग्रही तिथे राहून आलेत. कर्नाटकातले फाशीचे कैदी तिथेच ठेवतात.

तिथला एक कैदी. गुन्हा बलात्कार आणि खुनाचा, अतिशय घृणास्पद. २००६ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने फाशी दिली, आणि शिक्षा लागल्या लागल्या त्याला एकट्या कोठडीत टाकलं. बत्राचं झालं तेच, बरोबर तीस वर्षांनी. उच्च न्यायालय बाकी, सर्वोच्च न्यायालय बाकी, दयेचा अर्ज बाकी. तो अर्ज २०१३ मध्ये फेटाळला गेला. म्हणजे बत्रा निकालाप्रमाणे २००६ ते २०१३ ही सगळी वर्षं त्याला वेगळं ठेवण्याचा अधिकार तुरुंगाला नव्हताच. तो २०१६ पर्यंत एकटा होता. दहा वर्षं.

मधल्या काळात, जानेवारी २०१४ मध्ये, सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांच्या खंडपीठाने पंधरा जणांची फाशी रद्द करताना बत्रा निकालाची पुन्हा आठवण करून दिली होती : दयेचा अर्ज निकाली निघण्याआधी एकांतवास घटनाबाह्य आहे. तो निकाल लागला तेव्हाही हिंडलग्याचा हा माणूस कोठडीत एकटाच होता.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी रद्द केली. खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश उदय लळीत, आणि त्यांच्या कारकिर्दीचे ते शेवटचे दिवस होते. या निकालातला एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. दयेच्या अर्जाला उशीर झाला, हा कैद्याचा दुसरा मुद्दा न्यायालयाने मान्य केला नाही. फाशी टळली ती दहा वर्षांच्या बेकायदा एकांतवासामुळे. त्याऐवजी जन्मठेप दिली, आणि किमान तीस वर्षं भोगल्याशिवाय सवलतीचा विचार होणार नाही, अशी अट घातली.

याबद्दल माझ्या मनात समाधान नाही. बळी गेलेल्या स्त्रीच्या घरच्यांना, न्यायालयाने दिलेली शिक्षा तुरुंगाच्या चुकीमुळे बदलली, हे कसं सांगायचं? आणि दहा वर्षं भिंतीशी बोललेल्या माणसाला ‘तुझा जीव वाचला’ म्हणून ती वर्षं परत देता येत नाहीत. दोन्हीकडचं नुकसान एकाच ठिकाणी झालं : १९७८ चा निकाल ज्या टेबलावर वाचला जायला हवा होता त्या टेबलावर तो वाचला गेला नाही. अधीक्षकाला फाशीचा कागद मिळतो. अपील कुठवर आलंय, दयेचा अर्ज कुणाच्या टेबलावर आहे, हे त्या कागदावर नसतं. माणूस कुठल्या टप्प्यावर आहे हे माहीत नसेल, तर जुन्या वहिवाटीने कोठडीचं दार लागतं.

दंड संहिता गेली, तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. एकांतवासाची ती दोन कलमं नव्या संहितेत ११ आणि १२ क्रमांकांनी तशीच आहेत, तेच तीन महिने, तेच चौदा दिवस.

म्हणून विधी सेवेच्या कामासाठी तुरुंगात जाणाऱ्या नव्या वकिलाला मी हे प्रकरण वाचायला देतो, आणि फाशी यार्डात गेल्यावर विचारायचे प्रश्न त्याच कागदावर मागच्या बाजूला लिहून देतो. तुमचं अपील किंवा अर्ज आत्ता कुठे आहे? कोठडीचं दार कधी उघडतं आणि कधी लागतं? जेवताना शेजारी कोण असतं? शेवटचं कुणाशी बोललात, आणि कधी? वॉर्डर थोडा दूर असताना हे विचारायचं. उत्तरं तिथेच, तारखेसकट उतरवून घ्यायची, आणि निघताना कोठडीसमोरच्या वहीत आपल्या भेटीची नोंद झाली की नाही ते स्वतः पाहायचं.